आधी रक्ताची चिठ्ठी, मग चटई

रोवणीच्या दिवसांत ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीकडच्या किंवा वैनगंगा ओलांडून आरमोरी-वडशाकडच्या कोणत्याही बांधीजवळ जरा वेळ थांबून पाहावं. बायांची रांग पोटरीभर चिखलात उभी असते, कमरेतून पुरती वाकलेली. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी. उजव्या हाताने त्यातली दोन-चार रोपं सोडवायची, चिखलात खोचायची, अर्धं पाऊल मागे सरायचं, पुन्हा खोचायची. धुरा आला की दोन्ही हात कमरेवर ठेवून पाठ हळूहळू सरळ करायची, तीही घटकाभरच. दिवस कलेपर्यंत हे चालतं. या रांगेत पाचव्या-सहाव्या महिन्याची बाई दिसणं इकडे नवलाचं नाही.

या बाईला कोणी जाऊन सांगितलं, ‘ताई, गरोदरपणी रोज अर्धा तास योगासनं करत जा,’ तर ती हसेल, आणि तिचं बरोबरच असेल. पण याच भागात, चंद्रपूरच्या ऊर्जानगरात किंवा बल्लारपूरच्या एखाद्या बँकेत, दुसरी एक बाई आहे. तिलाही पाचवा महिना. ती सात-आठ तास खुर्चीत बसते, संध्याकाळी तिचे पाय सुजतात आणि घरी आल्यावर सासूबाई म्हणतात, ‘बस बाई आता, हलू नको.’ एकीची कंबर वाकून वाकून धरली आहे, दुसरीची बसून बसून. दोघींच्या हातात आसनांचं एकच छापील पत्रक देणं ही या विषयातली सगळ्यात मोठी चूक आहे आणि ती सर्रास होते. आपण मात्र दोन प्रश्नांपासून सुरुवात करू: या बाईचा दिवस कसा जातो? आणि तिच्या रक्ताच्या तपासणीत काय निघालं?

पहिल्या प्रश्नाचं महत्त्व दोन अभ्यास शेजारी ठेवले की कळतं. बंगळुरूच्या विवेकानंद योग संस्थेच्या, म्हणजे आजच्या एस-व्यासा विद्यापीठाच्या, संशोधकांनी ३३५ गरोदर स्त्रियांवर केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. अठराव्या ते विसाव्या आठवड्यापासून एका गटाने रोज तासभर आसनं, प्राणायाम आणि ध्यान केलं. दुसरा गट सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास चालला. योग करणाऱ्या गटात अडीच किलोच्या वर वजनाची बाळं जास्त निघाली आणि दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याचं प्रमाण कमी दिसलं. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, तेव्हा निकाल थोडा हातचा राखूनच वाचायला हवा. तरी नियमित तपासणीत असलेल्या, पोटभर खाणाऱ्या शहरी बाईला योग बाधत नाही, झाला तर उपयोगच होतो, एवढं त्यातून म्हणता येतं.

दुसरा अभ्यास आपल्या घरचा आहे, तरी योगवर्गांत त्याचं नाव कोणी काढत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा मागोवा घेत राहिले. त्या बाया काय खातात याबरोबर त्या काम किती करतात, याचीही नोंद झाली. शेतातली मजुरी, पाणी आणणं, धुणं, सगळं. कामाबद्दलचे निष्कर्ष २००३ साली आले. ज्यांचं काम गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि मध्यावर सर्वांत जड होतं, त्यांच्या बाळांच्या डोक्याचा आणि दंडाचा घेर कमी भरला, आणि त्या आयांचं स्वतःचं वजनही कमी वाढलं. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसली. तिथे पावसाळ्यात शेतीचं काम जोरात आणि घरातलं धान्य संपत आलेलं, त्यामुळे त्या हंगामातली बाळं हलकी जन्मत. गरोदर बायांना रोज शेंगदाण्याची बिस्किटं खायला दिली, तेव्हा बाळांचं वजन सरासरी १३६ ग्रॅमने वाढलं, आणि टंचाईच्या हंगामात तर २०१ ग्रॅमने.

बँकेतल्या बाईचं शरीर हालचालीला भुकेलं आहे, बांधीतल्या बाईचं विश्रांतीला आणि अन्नाला. जागतिक आरोग्य संघटना गरोदर स्त्रीने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल करावी असं सांगते. रोवणी करणारी बाई तेवढी हालचाल पहिल्या दिवशी दुपारच्या आत उरकते. मार्च-एप्रिलात पहाटे उठून मोहफुलं वेचणारी आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून खरेदीच्या फळीवर नेणारी बाईही तशीच. त्यांना आसन द्यायचं ते ताण उतरवणारं, वाढवणारं नव्हे.

असं एक आसन नीट पाहू. संध्याकाळी हातपाय धुऊन झाले की गोधडीची चार पदरी घडी अंथरायची आणि तिच्यावर दोन्ही तळहात व गुडघे टेकून ओणवं व्हायचं. तळहात बरोबर खांद्यांखाली, गुडघ्यांमध्ये पोटाला जागा राहील एवढं अंतर. श्वास सोडता सोडता पाठ वर उचलून गोल करायची, मान सैल सोडायची. श्वास घेता घेता पाठ पुन्हा सपाट. सपाट झाली की तिथेच थांबायचं. हे मार्जारासन. पुस्तकातल्या चित्रात पाठीला खाली खोल झोल दिलेला असतो, तो गरोदर बाईने सोडून द्यावा, कारण पोटाचं वजन पाठीला आधीच तिकडे ओढत असतं. सात-आठ वेळा सावकाश केलं तरी पुरे. या स्थितीत गर्भाशयाचा भार कण्यावरून उतरतो आणि दिवसभर एकाच बाजूला ताणलेल्या स्नायूंना दुसरीकडे वळायला मिळतं. मनगटं दुखत असतील तर तळव्यांऐवजी मुठी टेकाव्यात किंवा कोपर खाटेवर ठेवावेत. मग भिंतीकडे तोंड करून, तळवे भिंतीला लावून, गुडघे किंचित वाकवून खांदे मोकळे करायचे. शेवटी डाव्या कुशीवर पडून, दोन गुडघ्यांमध्ये घडी केलेली गोधडी घेऊन वीस मिनिटं स्वस्थ राहायचं. या वीस मिनिटांत चूल कोणीतरी दुसऱ्याने पाहिली पाहिजे. योगाचा हा भाग नवऱ्याने करायचा आहे, आणि तो सगळ्यांत कमी केला जातो.

डावी कूस का, याचं कारण शरीरात आहे. शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर कण्याच्या उजव्या अंगाने वर जाते. साधारण पाचव्या महिन्यापासून उताणं पडलं की वाढलेलं गर्भाशय तिच्यावर रेलतं, हृदयाकडे रक्त कमी पोचतं, बाईला घेरी येते, घाम फुटतो, आणि बाळाकडे जाणारं रक्तही घटतं. म्हणून वर्गाच्या शेवटी सगळे शवासनात उताणे पडले तरी गरोदर बाईने कुशीवरच राहावं. घटकाभर पाठीवर गेलं म्हणून घाबरायचं कारण नाही. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात पस्तिसाव्या ते सदतिसाव्या आठवड्यातल्या २५ निरोगी स्त्रियांकडून २६ आसनं करवून घेतली. त्यात शवासनही होतं. बाळाच्या ठोक्यांवर कोणताही वाईट परिणाम दिसला नाही. पण त्या सगळ्या निरोगी होत्या, आणि बाळाच्या ठोक्यांवर यंत्राची नजर होती.

दुसरी गोष्ट सांध्यांची. या काळात शरीरातली संप्रेरकं सांध्यांचे बंध सैल करतात, बाळाला वाट मिळावी म्हणून. त्यामुळे एरवी न जमणारं आसन अचानक जमायला लागतं आणि मोह होतो. इथेच ओटीपोटाचा सांधा किंवा माकडहाड दुखावतं. गरोदरपणात आधी जेवढं ताणता येत होतं त्याच्या थोडं अलीकडेच थांबावं. पोटावर पडून करायची भुजंगासन-धनुरासनं, पोट पिळणारी वळणं, पोटाच्या स्नायूंवर जोर देणारं नौकासन, पहिल्यांदाच करून पाहायचं शीर्षासन-सर्वांगासन, हे सगळं बंद. तोल जाण्याची धास्ती असेल अशा प्रत्येक उभ्या आसनाला भिंत हवी.

बँकेतल्या बाईसाठी मग काय उरतं? बरंच. भिंतीला पाठ लावून ताडासन, खुर्चीचा आधार घेऊन वीरभद्रासन, तळपाय जोडून बसण्याचं बद्धकोनासन. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणं-बसणं, हा व्यायाम आसनांच्या पुस्तकात नसतो, पण मांड्यांसाठी त्याच्याइतका चांगला क्वचितच. मलासन म्हणजे उकिडवं बसणं. खेड्यातली बाई चुलीपुढे दिवसातून वीसदा तशी बसते, तिला ते शिकवायला जाणं म्हणजे मास्तरकीच झाली. शहरातल्या, कमोडची सवय झालेल्या बाईने मात्र खिडकीचे गज धरून हळूहळू बसावं. वार खाली असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, किंवा शेवटच्या महिन्यात बाळ पायाळू असेल, तर उकिडवं बसण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. चालायला जा, हा सल्ला सगळेच देतात. ताडोबाच्या आसपासच्या आणि ब्रह्मपुरीकडच्या गावांत पहाटे एकटीने, वाघाच्या वावरात, रस्त्यावर चालायला जाणं काय असतं, ते सल्ला देणाऱ्याने एकदा पाहावं. तिथे अंगणातल्या फेऱ्याच बऱ्या.

आता दुसरा प्रश्न, रक्ताचा. चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे.

गरोदर स्त्रीचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की तिला रक्तक्षय आहे असं धरतात, ७ च्या खाली गेलं की तो तीव्र. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत भारतातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयी निघाल्या. गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि ते फिरवायला हृदयाला जादा काम पडतं. त्यात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्यच कमी असेल तर साधा जिना चढताना धाप लागते. अशा बाईला सूर्यनमस्कारांची आवर्तनं घालायला लावणं सरळ चुकीचं आहे. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर योग बंद, दवाखाना आधी. ८-९ असेल तर बसून, कुशीवर पडून, श्वासाकडे लक्ष देऊन जे करता येईल तेवढंच, आणि लोहाच्या गोळ्या चालू. गोळीने पोट बिघडतं म्हणून ती फडताळात ठेवून योगाने रक्त वाढवायला निघालेल्या बाया भेटतात. योगाने हिमोग्लोबिन वाढत नाही.

मग सिकलसेल. पूर्व विदर्भात, आदिवासी आणि काही दलित समाजांत हा आजार पिढ्यान्पिढ्या आहे. यात प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि असह्य वेदनांचा झटका येतो. पाणी कमी पडणं, अतिश्रम, ऊन, थंडी, ताप, यांतलं काहीही तो झटका ओढवू शकतं. आजार असलेल्या गरोदर बाईने श्वास रोखून धरण्याचा कोणताही प्रकार करू नये. कुंभक नाही, भस्त्रिका नाही. नुसतं सावकाश श्वसन, तेही पाणी पिऊन. नुसती वाहक असलेली बाई सहसा ठणठणीत असते, तिच्यासाठी इतरांसारखेच नियम, फक्त उन्हात आणि तहानलेली असताना जोर करायचा नाही. पण आपण वाहक आहोत की रुग्ण, हे तिला ठाऊक हवं आणि नवऱ्याचीही तपासणी व्हायला हवी. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. योगशिक्षकाने वर्गात नाव लिहून घेतानाच हे विचारलं तर त्यात कोणाचा अपमान होत नाही.

गडचिरोलीत मलेरिया आहे. अंगात कणकण असेल त्या दिवशी चटईवर बसायचं नाही, आधी रक्त तपासायचं. गरोदर बाईला मलेरिया झाला तर तो तिचं रक्त झपाट्याने खातो आणि बाळालाही सोडत नाही. रक्तदाब वाढला असेल तर डोकं खाली करणारी सगळी आसनं वर्ज्य.

श्वासाबद्दल आणखी थोडं. कपालभाती, भस्त्रिका, अग्निसार, बंध, नौली यांत पोटाला झटके बसतात किंवा ताण पडतो, त्यामुळे ते गरोदरपणात कोणीच करू नयेत. श्वास न रोखता केलेलं अनुलोम-विलोम आणि भ्रामरी चालतं. पण कुठली हवा ओढायची, हेही पाहायला हवं. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथं होतं. औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, कोळशाचे ट्रक. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत बसते आणि धूर-धूळ तिच्यातच कोंडून राहते. दुर्गापूर-घुग्घुसच्या बाईने ‘पहाटेची शुद्ध हवा’ हे पुस्तकातलं वाक्य शब्दशः घेऊ नये. ऊन वर आल्यावर, रस्त्यापासून दूर, धूळ पुसलेल्या खोलीत प्राणायाम करावा. उन्हाळ्यात उलट वेळ पाळावी लागते. परदेशात चाळीस अंशांवर तापवलेल्या खोलीत योग करण्याची टूम आहे आणि गरोदर स्त्रियांना तिथे जायला सक्त मनाई असते, कारण आईच्या अंगातली उष्णता फार वाढणं बाळाला, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत, घातक ठरू शकतं. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे सहज जातो. इथे दुपारी कोणतीही चटई अंथरली तरी ती त्याच जातीची. सकाळी लवकर, पंख्याखाली, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि करता करता दोन वाक्यं न धापता बोलता येतील इतकंच.

पहिल्या तीन महिन्यांबद्दल घराघरांत भीती असते आणि तिच्या आडून दोषही दिला जातो. ‘आसनं केलीस म्हणून गेलं.’ लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भातल्या गुणसूत्रांच्या बिघाडाने होतात. हलक्या आसनांनी गर्भ पडतो असा पुरावा नाही. मळमळ, थकवा, झोप यांमुळे त्या दिवसांत काही करावंसं वाटत नसेल तर करू नये, एवढंच. आणि हुशार, गोरं, संस्कारी बाळ देण्याची हमी देणाऱ्या वर्गांना पैसे देण्यापेक्षा तेवढ्यात अंडी-शेंगदाणे येतात.

बायकांसाठी योग लिहिण्याची परंपरा आपल्या राज्यात जुनी आहे. मुंबईच्या सांताक्रूझ इथल्या द योग इन्स्टिट्यूटच्या सीतादेवी योगेंद्र यांचं स्त्रियांसाठीचं योगाचं पुस्तक १९३४ साली आलं. पुण्यात गीता अय्यंगार यांनी गरोदर स्त्रीला लोड, पट्टे, खुर्ची, भिंत यांचा आधार देऊन आसनं शिकवण्याची शिस्तबद्ध पद्धत उभी केली. त्या पद्धतीत कसलेल्या साधिकेला काही काळ शीर्षासनही चालतं. ते कसलेल्या साधिकेसाठी आणि गुरूच्या नजरेखाली, हे वाक्य मोबाईलवरच्या चित्रफितीत हमखास गळतं. आधार घेण्याची कल्पना मात्र कुठेही चालते. खेड्यात लोड नसेल, पण पाट, गोधडी, खाट आणि भिंत असतेच.

गडचिरोलीने या विषयाला दिलेली खरी देणगी वेगळीच आहे. ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले, आणि त्यांतल्या बहुतेकींची त्याआधी कधी तपासणीच झालेली नव्हती. त्या सांगत नव्हत्या, कारण कोणी विचारत नव्हतं. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं हे बायकांनी सोसायचंच असं धरलेलं. योगशिक्षकाने हे पक्कं लक्षात ठेवावं. बाई ‘काही नाही’ म्हणाली म्हणजे काही नाही, असं नसतं. एकटीला बाजूला घेऊन विचारावं, आणि विचारणारी बाई असावी.

याच जिल्ह्यात योग खरोखर उपयोगी पडेल अशी एक जागा आहे, माहेरघर. भामरागडसारख्या तालुक्यात पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की वाटा तुटतात. म्हणून दुर्गम गावांतल्या गरोदर बायांनी बाळंतपणाआधी काही दिवस आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावं, यासाठी ही सोय. तिथे बाईला मजुरी नाही, जेवण आहे, सिस्टर हाकेच्या अंतरावर आहे आणि वेळ भरपूर आहे. श्वास सावकाश सोडायला शिकणं, ओणवं होऊन कंबर मोकळी करणं, कळ आली की अंग आखडण्याऐवजी सैल सोडणं, हे शिकवायला याहून चांगली शाळा कुठे मिळणार? माडिया बोलणारी, दोन-चार आसनांचं नीट शिक्षण घेतलेली एक आशाताई पुरेल. त्याला यंत्र लागत नाही आणि निधीही फारसा लागत नाही.

योग करता करता किंवा एरवीही पुढचं काही झालं तर आसन तिथेच सोडायचं आणि दवाखाना गाठायचा: अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, थांबून थांबून पोट कडक होणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, छातीत दुखणं, एका पोटरीला सूज येऊन दुखणं, बाळाची हालचाल कमी होणं. ‘झोपलं असेल बाळ’ म्हणत सकाळपर्यंत वाट पाहू नये. गाडीसाठी १०२ किंवा १०८.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी तपासून घ्या, सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर मागून घ्या, वार कुठे आहे ते सोनोग्राफी वाचून डॉक्टरांकडून समजून घ्या, आणि तो कागद योग शिकवणाऱ्या ताईंना दाखवा. त्या कागद न पाहताच चटई अंथरायला सांगत असतील, तर शिक्षिका बदला.